आमच्या घरचा तो

आसेगाव
३ जुलै १९७७

दादा,
जयभीम.

इतक्या वर्षांनी भिलाईहून तुझं अक्षर आलं. मायने कार्ड आधी कपाळाला लावलं, मग माझ्या हातात दिलं. मी तिला सगळं वाचून दाखवलं: वहिनीची तब्येत, पोरांच्या शाळा, तुला मिळालेलं क्वार्टर. शेवटची ओळ तेवढी गिळली. "उत्तरात देवकाचं नाव काढू नये, मला ते वाचवत नाही." मायने विचारलं, "बस? इतलंच?" मी म्हटलं, इतकंच.

तुझी अट पाळते. या पत्रात देवकाचं नाव नाही. देवमनचं आहे, आणि पुष्कळ आहे, कारण सध्या आपल्या घरात सांगण्यासारखं जे घडतं ते त्याच्याच हातून घडतं.

पेरण्या आटोपल्या. बाबा गेल्यापासून आपल्या वावरात तिफण धरायला दुसऱ्याच्या घरचा गडी बोलवावा लागायचा. तो आपलं सारं उरकल्यावर यायचा, तोवर जमिनीतली ओल उडालेली असायची. यंदा देवमनने स्वतः तिफण धरली. मुनाफ मिस्त्रीने ती त्याच्या उंचीला बेतून तासून दिली होती. पहिली ओळ, पहिलं तास घालताना बांधाच्या धुऱ्यावर बरेच जण येऊन उभे राहिले, काही कौतुकाने, काही हसायला. मागे बी सोडायला माय होती. त्याने एक तास घातलं, बैल वळवले, दुसरं घातलं. तिसरं निम्म्यावर आलं तेव्हा धुरा रिकामा झाला होता. हसण्यासारखं काही उरलंच नाही, तासं दोरी लावल्यासारखी सरळ होती. आता ज्वारी वर आली आहे आणि रस्त्याने जाणारा माणूस थांबून बघतो. बाबांच्या ओळीही इतक्या सरळ नसायच्या. मायला मी हे बोलून दाखवलं तर ती रागावली, पण नाही म्हणाली नाही.

तू त्याला शेवटचं पाहिलंस ते अंगणात. तू मानोऱ्याकडचं स्थळ आणलं होतंस, पाहुणे दुसऱ्या दिवशी यायचे होते, आणि आपल्या सगळ्यांत धाकट्या बहिणीने विळ्याने वेणी कापून बाबांचा सदरा अंगात घातला होता. "माझ्यापुरती देवका मेली," असं म्हणून तू पिशवी उचललीस. मला तेव्हा तुझा फार राग आला होता. आज वाटतं, तुझं बोलणं खोटं नव्हतं. देवका त्या दिवशी गेलीच. मागे जो राहिला तो कोण, हे बघायला तू थांबला नाहीस.

माय बरी आहे. गुडघे धरतात. दुपारची एस.टी. आली की अजून दारात येऊन उभी राहते.

तुझी
रुख्मिणी


आसेगाव
२० नोव्हेंबर १९७७

दादा,

तुझं पत्र वाचून मला हसू आलं, ते वर्गात गेल्यावरही जाईना. दोन पानं लिहिलीस आणि देवमनच्या कपड्यांबद्दल एक अक्षर नाही, सगळा राग माझ्या व्याकरणावर. "तू शाळेत मास्तरीण. पोरांना लिंग-वचन शिकवतेस आणि सख्ख्या बहिणीला 'तो' लिहितेस. सरकार तुला याचा पगार देतं का?"

तर मास्तरीण म्हणूनच उत्तर देते.

आपली माय कोणाच्या घरून निघताना काय म्हणते? "येतो मी." आपल्या आळीतल्या साऱ्या बाया "मी जातो, मी करतो" असंच बोलतात. आणि गड्याबद्दल बोलताना? "तो जाते, तो खाते." आपल्या वऱ्हाडात बाई "जातो" म्हणते आणि गडी "जाते", आणि आजवर त्यापायी कोणी कोणाला ओळखायला चुकलेलं नाही. पोरं शाळेत आली की मी पोरींच्या "जातो"खाली लाल रेघ मारते आणि पोरांच्या "जाते"खालीही मारते. मारावीच लागते. पुस्तकाची मराठी आल्याशिवाय आपल्या पोरांना पुढचं दार उघडत नाही, हे तुझ्याइतकं मलाही ठाऊक आहे. पण ती रेघ कोणाला कुठे लागते, तेही मी बघत असते.

देवमनला ती फार लागली. घरी "मी जातो" म्हणणाऱ्या पोरीत काही वेगळं नव्हतं, साऱ्याच तशा. मंगरूळच्या हायस्कुलात गेल्यावर मराठीच्या गुरुजींनी त्याला सगळ्या वर्गासमोर उभं केलं आणि तेच वाक्य दुरुस्त करून पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. त्यानंतर त्याने काय केलं ते तुला ठाऊक नाही, मलाही फार उशिरा कळलं. त्याने "गेलो" म्हणणं सोडलं आणि "गेले" म्हणणंही सोडलं. बोलून बघ, किती अवघड आहे. "मी जेवलो" म्हणायचं नाही, "मी भाकर खाल्ली" म्हणायचं. त्यात भाकर कळते, खाणारं कोण ते कळत नाही. "मी दमलो" नाही, "मले थकवा आला". "मी येतो" नाही, "मले येनं हाय". मॅट्रिक होईपर्यंत हे पोरगं असं बोललं, काट्यांच्या वाटेने अनवाणी माणूस पाय टाकतो तसा एकेक शब्द टाकत. आणि मराठीत शाळेत पहिलं आलं. गुरुजींनी पाठ थोपटली, म्हणाले, ही मुलगी कमी बोलते पण बोलली की चुकत नाही.

तू विचारतोस, माय तरी त्याला त्या नावाने हाक मारते का. नाही मारत. यावरून तू जे काढलंस ते मात्र चूक आहे. देवमन हे आपल्या आज्याचं नाव. सासऱ्याचं नाव माय तोंडाने कशी घेईल? त्याने जेव्हा सांगितलं की आजपासून मी देवमन, तेव्हा तिने पदर पुढे ओढला आणि पदराआड हसली. ती त्याला लेकरूच म्हणते. "माहं लेकरू वावरात गेलं. माहं लेकरू अजून जेवलं नाही." आपल्या भाषेत 'तो' आहे, 'ती' आहे आणि तिसरं 'ते'ही आहे. पारावर बसून कोणी देवमनला 'ते' म्हटलं तर ती शिवी होते, त्याने ती पुष्कळ ऐकली आहे. तोच शब्द मायच्या तोंडी आला की माझे 'तो' आणि तुझी 'ती' दोन्ही फिके पडतात.

तुझं पत्र त्याला दाखवलं. लपवलं असतं तर त्याला जास्त लागलं असतं. त्याने सावकाश वाचलं आणि विचारलं, "ताई, मोठ्या मानसाले कागद लिवताना तू वर 'ती.' लिवतं ना? ती. बाबा, ती. मामा. त्याईले काहून राग येत नाही मंग?"

मी म्हटलं, अरे, तीर्थरूप. तो म्हणाला, ठाऊक हाय, आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेला.

तुझी
रुख्मिणी


आसेगाव
२९ ऑक्टोबर १९७८

दादा,

वर्षभर तू लिहिलं नाहीस, मग मीही हट्टाने लिहिलं नाही. आज राहवत नाही. चांगली बातमी घरातल्या मोठ्या माणसाला सांगितल्याशिवाय ती पुरी झाल्यासारखी वाटत नाही, तू कितीही रुसलेला असलास तरी.

सरकारने यंदा प्रौढ शिक्षणाचे वर्ग काढले आहेत. आपल्या गावाला पुरुषांचा एक वर्ग मिळाला. शिकवायला गावातलंच, मॅट्रिक झालेलं माणूस हवं होतं. शाळेच्या ओसरीत बैठक झाली. मी मुद्दाम गेले नाही, कारण मी तिथे असते तर लोक म्हणाले असते मास्तरणीने आपलंच माणूस घुसवलं. देवमनचं नाव पहिल्यांदा मुनाफ मिस्त्रीने घेतलं आणि तांड्यावरच्या सेवालालने मान डोलावली. पारावरचे दोघे-तिघे उठून गेले. बाकीचे बसून राहिले, आणि जे बसून राहिले त्यांचाच वर्ग झाला.

दिवेलागणीला ही मंडळी पाट्या घेऊन येतात. मुनाफ मिस्त्रीला आपण केलेल्या दाराच्या चौकटीवर स्वतःचं नाव कोरायचं आहे. आजवर नक्षी कोरली, नाव कधी कोरलं नाही. सेवालालला पोहरादेवीच्या यात्रेला जाताना एस.टी.ची पाटी कोणाला न विचारता वाचायची आहे. म्हणतो, दरवर्षी विचारावं लागते, आणि दरवर्षी एखादा कारटा मुद्दाम उलट्या गाडीत बसवून देते.

देवमन त्यांना आधी त्यांच्याच बोलीत लिहायला लावतो. "जसं बोलता तसं लिवा. पुस्तकाचं मागून पाहू." मी असं शिकवलं असतं तर साहेबांनी माझी हजेरी घेतली असती. पण ही मोठी माणसं अक्षराला घाबरत नाहीत, हे मी डोळ्यांनी बघते आहे. आणि त्याचं स्वतःचं बोलणं अजून तसंच, जपून. "मी हे अक्षर काढलं. आता तुमी काढा." काढलं, लिहिलं, सांगितलं. आलो-गेलो नाही.

परवा मी वह्या तपासत आतल्या खोलीत होते. ओसरीत दोघेजण बैलाच्या सौद्यावरून बोलायला लागले, तर मुनाफ मिस्त्रीने त्यांना दटावलं. "चूप बसा. मास्तर सांगून राह्यला."

राह्यला. दादा, हा शब्द मिस्त्रीला कोणी शिकवला नव्हता. मी लाल शाईची दौत बाजूला ठेवली आणि थोडा वेळ काहीच तपासलं नाही.

बायांनाही शिकायचं आहे. माय तर रोज विचारते. पण नियम असा की बायांच्या वर्गाला शिक्षिकाच हवी, आणि मला शाळेची नोकरी असल्यामुळे तो वर्ग घेता येत नाही. गावात दुसरी मॅट्रिक झालेली बाई नाही. निदान कागदावर आहे ती एकच, आणि ती पुरुषांना शिकवते आहे. हे वाक्य मी तुझ्या व्याकरणाने लिहिलं. बघ बरं, कसं दिसतं ते.

रुख्मिणी


आसेगाव
१८ जानेवारी १९७९

दादा,

तुझ्या कानावर उलटसुलट काही जाण्याआधी जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. आपल्या गावचा एकजण तुझ्या कारखान्यात आहे, तो सुट्टीवर आला होता, म्हणजे तुला कळणारच.

देवमनविरुद्ध कोणीतरी तालुक्याला अर्ज केला. कोणी केला ते मला ठाऊक आहे, पण लिहीत नाही, त्याची पोर माझ्या वर्गात आहे. गेल्या आठवड्यात सोमवारी वर्गाच्या वेळेला पर्यवेक्षक आले, दौलतसिंग राठोड नावाचे. माणूस शांत. देवमनच्या मॅट्रिकच्या दाखल्याची नक्कल त्यांच्याजवळ होती, तिच्यावर 'कुमारी देवका'. त्यांनी देवमनला आणि मला आतल्या खोलीत बसवलं आणि दार लोटून घेतलं, याचं मला बरं वाटलं.

ते म्हणाले, पुरुषांचा वर्ग बाईमाणसाकडे ठेवता येत नाही, वरून विचारणा होईल. पण बायांच्या वर्गाची मंजुरी पडून आहे. देवमनने तो घ्यावा. सदरा घालावा, पायजमा घालावा, त्यांचं काही म्हणणं नाही. फक्त हजेरीपटावर 'शिक्षिका' लिहिलं जाईल आणि बाया 'बाई' म्हणून हाक मारतील. तेवढं चालवून घ्यावं, म्हणजे कोणाचंच नुकसान नाही.

मला तो मार्ग अगदीच वाईट वाटला नाही. माय शिकली असती. मी देवमनकडे पाहिलं. त्याच्या हातावर खडूची भुकटी होती, ती तो अंगठ्याने घासत होता. तो उठला, दार उघडलं आणि ओसरीत गेला. पाट्या घेऊन बसलेली माणसं त्याच्याकडे बघू लागली. साहेब त्याच्या मागे बाहेर आले. मीही आले.

त्याने साहेबांकडे वळून सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं:

"बायाईले मी शिकवीन, साहेब, त्याईले नाही म्हननार नाही. पन बाई होऊन नाही शिकवनार. इतले वर्सं मी जपून बोललो. मी केलं, मले वाटलं, असं. आता सरळ सांगतो. मी इथी आलो, मी उभा हाय, अन् उद्याबी येईन तं देवमन म्हनूनच येईन."

आलो. उभा. दादा, त्याच्या तोंडून हे शब्द, चार लोकांत, मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. त्याचा आवाज जरासुद्धा कापला नाही.

साहेबांनी वर्गाला विचारलं, तुम्हाला सगळं ठाऊक आहे ना? कोणी खाली बघितलं, कोणी पाटीवर. मुनाफ मिस्त्री उठून उभा राहिला. त्याने सांगितलं की या घराला तो आधीपासून ओळखतो, हे लेकरू रांगत होतं तेव्हापासून. "तुमच्या कागदात काय हाय ते तुमी पाहा, साहेब. आमचा मास्तर तो हाय." मग खाली बसला. सेवालालने काही भाषण केलं नाही. त्याने आपलं पुस्तक उघडलं आणि समोरचा धडा मोठ्याने वाचायला घेतला, अडखळत, बोट ठेवून. साहेब धडा संपेपर्यंत उभे होते.

जाताना ते मला म्हणाले, "बाई, कागदात आहे तेच मला लिहावं लागेल. पण कागदात नाही ते मी आज पाह्यलं, एवढं ध्यानात ठेवीन." वर्ग बंद करण्याचा शेरा त्यांनी मारला. कंदील, रॉकेल, पाट्या, सगळं बंद. मी त्यांना दोष देत नाही आणि त्यांचे आभारही मानत नाही.

दुसऱ्या दिवशी देवमन वावरातून आला, हातपाय धुतले आणि मला म्हणाला, ओसरी झाडून ठेवतो, कोणी आलंच तं. आले. सगळे नाहीत, तिघे-चौघे गळाले. जे आले त्यांनी आपापल्या घरचे दिवे आणले. आणि त्यांच्या मागून माय आली, डोक्यावर पदर घेऊन, मुनाफची सुलतानबी आणि तांड्यावरची हिरीबाई यांना सोबत घेऊन. सरकारी वर्ग राहिलाच नव्हता, तेव्हा पुरुषांचा कोणता आणि बायांचा कोणता हे विचारणारंही कोणी राहिलं नाही. बाया एका अंगाला बसल्या, गडी एका अंगाला, आणि मध्ये आपला मास्तर.

मायला सगळ्यात आधी काय लिहायला शिकायचं होतं, सांगू? तिने त्याला काही सांगितलं नाही, मला विचारून घेतलं, रोज एकेक अक्षर. काल तिने पाटी पुरी केली आणि त्याच्यापुढे सरकवली. तोंडाने घेता येत नाही ते नाव तिने लिहिलं होतं. 'व' उलटा आहे. देवमनने तो दुरुस्त केला नाही.

रुख्मिणी


शिरपूर
१५ एप्रिल १९७९

दादा,

वरचा पत्ता बघून चमकू नकोस. माझी बदली झाली. वर्ष संपायची वाट न बघता मध्येच झाली, यावरून काय ते समज. घरातल्या 'अशा प्रकाराला' शिक्षिकेने पाठबळ दिलं, असा दुसरा अर्ज गेला होता. मागच्या पत्रात हे लिहिलं नाही, कारण तेव्हा नुसती कुणकुण होती आणि तुला "मी सांगत होतो" असं म्हणायची संधी द्यायची नव्हती. आता झालंच आहे तर ऐक: मी इथे मजेत आहे. जैनांच्या मोठ्या देवळामुळे गावात लांबलांबची माणसं येतात, एस.टी. सारखी असते. शनिवारी आसेगावला जाते. वर्ग सुरू आहे. मुनाफ मिस्त्रीने एका चौकटीवर नाव कोरलं. घरमालकाने आधी नाक मुरडलं, मग म्हणाला राहू दे.

दुसरी गोष्ट. माझं लग्न ठरल्याचं तुला कळलंच आहे. तुळशीराम नाव, वाशीम डेपोत कंडक्टर आहेत. लग्न बुद्धपौर्णिमेला, आसेगावलाच, आपल्या विहारासमोर. मी या वयात लग्न करते आहे म्हणून तू आनंदाने मायला पत्र टाकलंस, ते मीच तिला वाचून दाखवलं. माय आता अर्धं स्वतः वाचते, म्हणून तुझी अट तिने माझ्याआधी वाचली. "देवका त्या दिवशी साडी नेसणार असेल तर मी येतो. फक्त एक दिवस. पाहुण्यांसमोर घराची शोभा होऊ नये."

तुळशीरामांना मी देवमनबद्दल पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. त्यांनी थोडा विचार केला आणि एकच प्रश्न विचारला, लग्नात त्याला फेटा बांधायचा की टोपी चालेल. मी तिथेच होकार दिला.

आता तुझ्या एका दिवसाबद्दल. छप्पन साली बाबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले, तेव्हा मी लहान होते. पुढचं सगळं मला तूच सांगितलं आहेस, कितीदा तरी. गावातल्या मोठ्या माणसांनी त्यांना बोलावून म्हटलं होतं, वर्षभर राहा बौद्ध, आमची ना नाही, फक्त पोळ्याच्या दिवशी वेशीवरचं जुनं काम करून जा, गावाची शोभा राहील. बाबा म्हणाले, "ज्याले एक दिवस मांगता येते, त्याले सारेच मांगता येते." आणि आले निघून. हे सांगताना तुझी छाती फुगायची. आम्ही दोघं तुझ्यासमोर बसून ऐकत होतो, मी आणि देवमन, आणि आम्ही दोघांनीही ते लक्षात ठेवलं.

म्हणून तुला माझ्याकडूनही तेच उत्तर. एक दिवसही नाही.

पत्रिका सोबत पाठवते. खाली निमंत्रक म्हणून दोन नावं आहेत: शेषराव माणिकराव खिल्लारे, देवमन माणिकराव खिल्लारे. बाबांची दोन पोरं, वयाच्या क्रमाने. ये किंवा येऊ नकोस. तुझं नाव मी काढलेलं नाही, त्याचंही काढणार नाही.

रुख्मिणी


शिरपूर
३ जून १९७९

दादा,

तू आलास.

मंगरूळच्या गाडीतून एकटाच उतरलास, हातात तीच पिशवी. मी नवरी म्हणून आतल्या खोलीत होते, मला हे सुलतानबीने सांगितलं. देवमन तेव्हा पाण्याचे पिंप लावत होता. त्याने तुला पाहिलं, हात पुसले, पुढे येऊन तुझी पिशवी घेतली आणि खाटेवर चादर टाकली. तुम्ही दोघं एक शब्द बोलला नाहीत. सुलतानबी म्हणाली, तुमचे दादा त्या पिशवीकडंच बघत बसले होते.

नंतरचं मात्र मला कोणी सांगितलेलं नाही, मी स्वतः ऐकलं. तुला वाटत असेल की तिथे कोणी नव्हतं. तू खिडकीच्या बाहेर उभा होतास आणि आतून त्याच खिडकीला टेकून मी बसले होते, माय माझ्या हाताला हळद लावत होती. तुळशीरामांचे चुलते तुझ्याकडे आले. पंगत आधी कोणाची बसवायची, वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांना कुठे बसवायचं, असं विचारत होते. तू थोरला, म्हणून तुला विचारलं, त्यात काही गैर नव्हतं. मायचा हात थांबला.

मग तू म्हणालास, "मी तं पाहुना हाय, बाप्पा. त्याले विचारा, त्या फेटेवाल्याले. माहा लहाना भाऊ हाय तो. घरचं सारं तोच पाह्यते."

भिलाईची इतकी वर्षं, आणि तोंडातून निघालं ते आपल्या घरचं बोलणं. मायने ते ऐकलं. ती रडली नाही. तिने माझ्या दुसऱ्या हाताला हळद लावायला घेतली आणि मला म्हणाली, "पाठ सरळ करून बस. पाहुने पाहून राह्यले."

मी तशीच बसले, दादा. विहारासमोर उभी राहिले तेव्हाही तशीच. माझ्या एका बाजूला तू होतास, दुसऱ्या बाजूला तो, आणि गावातली सगळी माणसं समोर होती, अर्ज करणारासुद्धा. माझ्यासारखी नवरी त्या दिवशी साऱ्या तालुक्यात नसेल.

तू पहाटेच्या गाडीने न सांगता गेलास याचं मला वाईट वाटलं नाही. एका खेपेला एवढं पुरे.

तू खिडकीबाहेर काय बोललास ते मी देवमनला सांगितलेलं नाही. मायनेही सांगितलेलं नाही, मी तिला विचारलं. ते तुझं आहे, तूच द्यायचं. त्याला एक कार्ड टाक. पेरणीचे दिवस आहेत, तो घरी सापडायचा नाही, पण पत्त्यावर देवमन माणिकराव खिल्लारे, आसेगाव, एवढं लिहिलंस तरी पुरे. पोस्टमन त्याला वावरात नेऊन देईल.

तुझी
रुख्मिणी